वाहता धूर, उडती धूळ आणि उपग्रहाची नजर : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वारीची काढणी उरकली, हरभरा खळ्यावर आला आणि उन्हे तापू लागली की मराठवाड्याचे आकाश पहिल्यासारखे निळे राहत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा दुपारी दोनलाच पुसट दिसतात आणि सूर्य मावळण्याआधीच तांबूस होऊन गढूळ हवेत विरून जातो. अशा दिवसांत कोणीतरी उपग्रहाचे एक चित्र मोबाइलवर पाठवतो आणि त्याखाली कधी ‘राजस्थानची धूळ आली’, कधी ‘पंजाबचा धूर आला’ असे लिहिलेले असते. अंबाजोगाईत भूगोल शिकवताना मी गेली अनेक वर्षे ही चित्रे रोज पाहत आलो आहे. विद्यार्थी, शेतकरी आणि दम्याचा त्रास असलेल्यांच्या घरची माणसे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

उपग्रहाला धूर आणि धूळ दिसते तरी कशी?

उपग्रह हवेची कणमोजणी करीत नाही. जमिनीकडून, ढगांकडून आणि हवेतील कणांकडून वर येणारा प्रकाश तो वेगवेगळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत मोजतो. यातील काही पट्टे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे असतात, तर काही अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या प्रारणाचे असतात.

धूर आणि धूळ यांतला मूळ फरक कणांच्या आकाराचा आहे. पाचट, गवत किंवा पालापाचोळा जळून निघालेल्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रोमीटरहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, बारीक असतात. ते निळ्या प्रकाशाला जोरात विखुरतात, पण दहा-अकरा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या उष्णतेच्या प्रारणाला जवळजवळ अडवत नाहीत. वाऱ्याने उचललेल्या धुळीत मात्र अनेक मायक्रोमीटरचे कण भरपूर असतात आणि त्यांतील सिलिकेट खनिजे नेमके दहा मायक्रोमीटरच्या आसपासचे प्रारण शोषून घेतात. त्यामुळे धूळ उष्णतेच्या चित्रातही आपली खूण सोडते आणि धूर तेथे जणू पारदर्शक होतो. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच फरक आहे.

आपल्या भागावर कोणकोणते उपग्रह नजर ठेवतात?

त्यांचे दोन प्रकार आहेत. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून तो एकाच भूभागाकडे सतत पाहत राहतो. आपल्या इन्सॅट मालिकेतील इन्सॅट-३डी २०१३ मध्ये, इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये आणि इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी अवकाशात गेला. यांच्या कॅमेऱ्यांत सहा पट्टे आहेत. दृश्य पट्ट्यात एक किलोमीटरचा तपशील मिळतो आणि उष्णतेच्या पट्ट्यांत चार किलोमीटरचा, आणि दर अर्ध्या तासाला नवे चित्र येते. युरोपचा मेटिओसॅट-९ हाही हिंदी महासागरावर ४५.५ अंश पूर्व रेखांशाजवळ असून दर पंधरा मिनिटांनी चित्र घेतो.

दुसरा प्रकार ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांचा. ते सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून जातात, म्हणून बारकावे चांगले टिपतात, पण एका जागेवरून दिवसातून साधारण दोनदाच, एकदा उजेडी आणि एकदा अंधारी, जातात. १९९९ मध्ये सोडलेला टेरा आणि २००२ मध्ये सोडलेला अॅक्वा यांच्यावरील मोडिस उपकरणाने दोन दशकांहून अधिक काळ या विषयाचा पाया घातला. इंधन राखून ठेवावे लागल्याने हे दोन्ही उपग्रह आता आपल्या ठरलेल्या वेळेपासून सरकले आहेत. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ यांच्यावरील व्हिअर्स हे उपकरण त्यांचा वारसा चालवते. या तिघांची फेरी स्थानिक वेळेप्रमाणे दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास होते.

चित्रात ढग, धुके, धूर आणि धूळ वेगवेगळे कसे ओळखायचे?

एका चित्रावरून ओळखायचा हट्ट धरू नये, ही पहिली गोष्ट. नैसर्गिक रंगांच्या चित्रात ढग शुभ्र असतात आणि त्यांच्या कडा ठळक असतात. हिवाळ्यातील धुके पांढरे पण गुळगुळीत असते. ते नदीखोऱ्यांच्या आकाराने पसरते आणि उन्हे चढली की कडेकडून विरत जाते. धूर राखाडी किंवा निळसर असतो आणि खालची शेते त्यातून अंधुक दिसत राहतात. धूळ मातकट, पिवळसर किंवा फिकट तपकिरी दिसते. समुद्रावर ती सहज उठून दिसते, पण वाळवंटावर तिचा आणि जमिनीचा रंग एकच होऊन जातो. या बाबतीत आपली काळी जमीन उपकारक आहे. उन्हाळी नांगरट झालेल्या काळ्या रानावर परक्या मुलखातून आलेला फिकट धुळीचा थर नैसर्गिक रंगांच्या चित्रात बऱ्यापैकी उमटतो.

दुसरी खूण पट्टे बदलून पाहण्यात आहे. २.१ मायक्रोमीटरचा लघु-अवरक्त पट्टा वापरून केलेले कृत्रिम रंगांचे चित्र नैसर्गिक रंगांच्या चित्राशेजारी ठेवावे. नैसर्गिक चित्रातील राखाडी पडदा दुसऱ्या चित्रात नाहीसा होऊन खालची जमीन स्वच्छ दिसू लागली, तर तो बहुधा बारीक कणांचा धूर किंवा शहरी-औद्योगिक प्रदूषणाचा थर असतो. पडदा तेथेही टिकला, तर जाड कण किंवा ढग असल्याचा संशय घ्यावा.

तिसरी खूण उष्णतेच्या दोन शेजारी पट्ट्यांच्या फरकाची. अकरा आणि बारा मायक्रोमीटरला मोजलेल्या तापमानांची वजाबाकी पातळ बर्फाच्या ढगांसाठी धन येते, तर खनिज धुळीसाठी बहुधा ऋण येते. मेटिओसॅटच्या प्रसिद्ध ‘धूळ’ चित्रात या वजाबाकीच्या जोडीला ८.७ मायक्रोमीटरचा पट्टा वापरलेला असतो आणि त्यात धूळ गडद गुलाबी दिसते. इन्सॅटच्या कॅमेऱ्यात ८.७ मायक्रोमीटरचा पट्टा नाही, म्हणून अगदी तसेच चित्र त्यातून बनवता येत नाही. अकरा-बाराची वजाबाकी मात्र इन्सॅटमध्येही करता येते.

चौथी खूण मला सर्वांत भरवशाची वाटते आणि तिचा वापर सर्वांत कमी होतो. ती आहे कार्बन मोनॉक्साइडची. काहीही जळले की हा वायू निघतो, पण वाऱ्याने उचललेल्या मातीत तो नसतो. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरण रोज दुपारी हा वायू मोजते. त्याच उपकरणाचा अतिनील एरोसोल (हवेत तरंगणारे कण) निर्देशांक धूर आणि धूळ दोन्हींवर वाढतो, त्यामुळे तो एकटा पुरेसा नाही. निर्देशांक वाढला आणि सोबत कार्बन मोनॉक्साइडही वाढला तर धुराकडे बोट जाते. निर्देशांक वाढूनही वायू जागच्या जागी राहिला, तर ती धूळ समजावी.

सकाळी आणि संध्याकाळी धूर जास्त का दिसतो? तेव्हा खरोखर वाढतो का?

काही वेळा वाढतो, पण पुष्कळदा तो केवळ जास्त ठळक दिसतो. बारीक कण प्रकाश सर्व दिशांना सारखा विखुरत नाहीत. प्रकाश ज्या दिशेने चाललेला असतो, त्या दिशेला त्याचा मोठा भाग जातो. भूस्थिर उपग्रह आपल्या जवळजवळ डोक्यावर असल्याने, माध्यान्ही सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि त्याच्याकडे उलट परतणारा थोडाच प्रकाश पोहोचतो. सूर्य कलला की तोच थर अधिक उजळ दिसतो. म्हणून आज सकाळच्या चित्राची तुलना उद्या सकाळच्याच चित्राशी करावी, दुपारच्या चित्राशी नव्हे.

रात्री काही दिसते का?

धूळ दिसते, कारण तिची खूण उष्णतेच्या पट्ट्यांत असते आणि त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही. धूर त्या पट्ट्यांत दिसत नाही. चांदणे चांगले असेल तर व्हिअर्सच्या दिवस-रात्र पट्ट्यात दाट धुराचे लोट टिपता येतात, पण अमावास्येच्या आसपास तोही मार्ग बंद होतो. आगी मात्र रात्री अधिक स्वच्छ दिसतात, कारण भोवतालची जमीन थंड झालेली असते.

नकाशावरचे आगीचे लाल ठिपके म्हणजे नेमके काय? आमच्या शिवारात आग लागली, पण ठिपका उमटला नाही.

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. ज्वाळेसारखी अतिशय तप्त वस्तू चार मायक्रोमीटरच्या आसपासच्या मध्य-अवरक्त पट्ट्यात प्रचंड प्रारण सोडते, तर नुसती उन्हाने तापलेली जमीन त्या मानाने फार थोडे सोडते. म्हणून पिक्सेलचा, म्हणजे चित्रातील एका लहानात लहान चौकोनाचा, अगदी लहानसा भाग पेटलेला असला, तरी त्या पट्ट्यातील तापमान एकदम उसळते. संगणक ते शेजारच्या पिक्सेलांशी आणि अकरा मायक्रोमीटरच्या पट्ट्याशी ताडून पाहतो आणि ठिपका टाकतो.

ठिपका म्हणजे आगीची हद्द नव्हे. व्हिअर्सचा एक पिक्सेल सुमारे ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ १४ हेक्टरांचा असतो. इन्सॅटच्या चार किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये १६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडची दोन-तीन गावांची शिवारे मावतात. ठिपका पिक्सेलच्या मध्यावर टाकलेला असतो. आग त्या चौकोनात कोठेही असू शकते आणि ती दहा गुंठ्यांचीही असू शकते.

ठिपका न उमटण्याची कारणे साधी आहेत. आपल्याकडे बांधावरचे गवत, तुरीची धसकटे, पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट बहुधा ऊन उतरल्यावर, चार-पाच वाजता पेटवतात आणि दीड-दोन तासांत ती आग विझून जाते. दीड वाजताच्या फेरीत ती लागलेली नव्हती आणि रात्री दीडच्या फेरीपर्यंत ती उरलेली नसते. पंजाबातही शेतातील आगी दुपारच्या फेरीनंतर लावल्या जात असल्याची चर्चा २०२४ मध्ये भूस्थिर उपग्रहांच्या दुपारनंतरच्या चित्रांवरून झाली होती. म्हणून ठिपक्यांची संख्या घटली म्हणजे आगी घटल्या, असा निष्कर्ष मी कधीही थेट काढत नाही. याखेरीज ढग आडवे येतात. दाट झाडीखाली सरपटणारी आगही नजरेतून सुटते. किनवटच्या सागवानी जंगलात पानगळीनंतर वाळलेल्या पाल्यावरून वणवा पसरतो, तो दिसण्याची शक्यता बरी असते, कारण तेव्हा वरची पाने गळालेली असतात.

उलट चूकही होते. विटांच्या भट्ट्या, जालन्यासारख्या ठिकाणच्या पोलादाच्या भट्ट्या, क्वचित तापलेली मोठी पत्र्याची छपरे किंवा सौर पटलांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश ही आग समजली जाऊ शकतात. तोच ठिपका त्याच जागी महिनोन्‌महिने येत असेल, तर तो वणवा नसून भट्टी असण्याची शक्यता अधिक असते.

ठिपका नसेल, तर शेत जळाले होते हे नंतर कळू शकते का?

बऱ्याचदा कळते. सेंटिनेल-२ हे उपग्रह साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांचा तपशील दहा मीटरचा आहे. जळालेली जमीन जवळ-अवरक्त पट्ट्यात काळवंडते आणि लघु-अवरक्त पट्ट्यात उजळते, त्यामुळे आगीआधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवल्यास जळालेला पट्टा दिसतो. डोंगरावरच्या गवताळ भागात, उदाहरणार्थ कन्नडकडील गौताळा परिसरात, ही पद्धत चांगली चालते. काळ्या रानात अडचण येते, कारण जळालेले शेत आणि नुकतेच नांगरलेले काळे शेत यांत फरक करणे कठीण असते.

एका गावी बांधाच्या वादात असे चित्र पुरावा म्हणून मांडले गेले होते आणि माझे मत विचारण्यात आले. त्या चित्रातून शिवारात काहीतरी जळाले होते एवढे म्हणता येत होते. कोणी पेटवले हे त्यातून सांगता येत नव्हते आणि तसे मी स्पष्ट सांगितले. उपग्रहाच्या चित्राचा आधार घेऊन शेजाऱ्यावर आरोप करणे मला अन्यायाचे वाटते.

हवेतील धूळ नेमकी कोठून आली, हे कसे ठरवतात?

चित्रांची मालिका लावून. एकटे चित्र धूळ कोठे आहे ते सांगते. अर्ध्या अर्ध्या तासाची चित्रे ओळीने लावली की ती कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालली आहे ते दिसते, आणि मालिका उलट चालवली की ती जेथून उठली त्या जागेपर्यंत पोहोचता येते. धुराच्या बाबतीत ही गोष्ट अधिक सोपी असते. लोटाचे निमुळते टोक आगीकडे असते आणि रुंद होत गेलेला भाग वाऱ्याच्या दिशेला असतो.

महाराष्ट्रातील लोकांना आठवणारे उदाहरण जानेवारी २०२२ मधले आहे. पश्चिमी विक्षोभामागून, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीमागून, आलेल्या जोरदार वाऱ्यांनी सिंध आणि कराचीच्या बाजूने मोठी धूळ उचलली. ती अरबी समुद्रावरून आणि गुजरातवरून सरकत २३ जानेवारीला मुंबईवर पोहोचली, पुणे आणि उत्तर महाराष्ट्रातही हवा गढूळ झाली आणि मुंबईत भरदिवसा सूर्य फिका पडला. समुद्राच्या गडद पार्श्वभूमीवर तो मातकट पट्टा उपग्रहाच्या चित्रांत फार स्पष्ट होता, म्हणून त्याच्या उगमाबद्दल शंकेला फारशी जागा राहिली नाही.

अशा वेळी वेगाचा ढोबळ हिशोब घरीही करता येतो. कराचीपासून छत्रपती संभाजीनगरचे हवाई अंतर साधारण १,००० किलोमीटर आहे. वरच्या थरात वारा ताशी ३६ किलोमीटर असेल, तर धुळीला सव्वा दिवसाच्या आसपास वेळ लागेल. कोणी ‘काल संध्याकाळी तेथे उठलेली धूळ आज पहाटे येथे आली’ असे सांगितले, तर हा हिशोब करून पाहावा आणि मगच विश्वास ठेवावा.

जेथे चित्रांची मालिका ढगांमुळे तुटते, तेथे हवेच्या उलट्या प्रवासाची गणिते कामी येतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे हायस्प्लिट हे साधन त्यासाठी सर्वत्र वापरले जाते. जागा, वेळ आणि उंची दिली की ती हवा मागचे दोन-तीन दिवस कोठून कोठून आली याची रेषा ते काढते. ही रेषा निदान तीन उंचींसाठी काढावी, उदाहरणार्थ ५००, १,५०० आणि ३,००० मीटर. खालची हवा तेलंगणाकडून आणि वरची राजस्थानकडून आलेली असणे आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. एकाच उंचीची रेषा दाखवून कोणी ठामपणे बोलत असेल, तर बाकीच्या उंचींबद्दल जरूर विचारावे.

चित्रात आमच्या जिल्ह्यावर दाट थर दिसतो, पण खाली हवा स्वच्छ वाटते. उपग्रह चुकला का?

चुकला नाही. तो वरून पाहतो आणि आपण तळाशी श्वास घेतो, त्यामुळे दोघांचे उत्तर वेगळे येऊ शकते. या सगळ्या विषयात सामान्य वाचकाने एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवायची असेल, तर ती ही असावी असे मला वाटते.

उपग्रहावरून मिळणारे सर्वांत प्रचलित माप म्हणजे एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, ज्याला सोयीसाठी एओडी म्हणतात. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभातील कण प्रकाश किती अडवतात, याचा तो एकच आकडा असतो. ०.१ च्या आसपास आकडा असेल तर आकाश स्वच्छ असते. १ असेल तर डोक्यावरच्या सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशापैकी कणांमधून पार होणारा भाग सुमारे ३७ टक्केच उरतो. पण ते कण ३०० मीटरवर आहेत की ४,००० मीटरवर, हे तो आकडा सांगत नाही. अरबस्तानातून आलेली धूळ अनेकदा दोन ते चार किलोमीटर उंचीवरून सरकत जाते. तेव्हा सूर्य फिका दिसतो, चित्रात थर दाट दिसतो आणि खाली जमिनीवरील यंत्र पीएम २.५ चा (अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा) नेहमीचाच आकडा दाखवत राहते.

उलट प्रकार हिवाळ्यात घडतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. गावातल्या शेकोट्या, चुली, गुऱ्हाळे आणि जाळलेला कचरा यांचा धूर त्या झाकणाखाली शे-दोनशे मीटरांत अडकून राहतो. सकाळी सातला गल्लीत डोळे चुरचुरतात, पण स्तंभाचा एकूण आकडा लहानच असतो आणि दुपारी दीडच्या फेरीपर्यंत ऊन लागून तो धूर वर मिसळून गेलेला असतो. त्यामुळे उपग्रहाच्या नोंदीत त्या सकाळचा मागमूसही राहत नाही.

मे महिन्यात परिस्थिती पुन्हा बदलते. तापलेल्या दख्खनच्या पठारावर दुपारी हवेची घुसळण तीन-चार किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते, म्हणून वरून चाललेली धूळ त्या घुसळणीत सापडून खाली उतरते. सकाळी चांगली असलेली हवा दुपारी बिघडण्यामागे हे एक कारण असू शकते.

उंची थेट मोजणारे साधन म्हणजे लेसरचा झोत खाली सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकावा तसा परतलेला प्रकाश मोजणारे लायडर. कॅलिप्सो या उपग्रहाने २००६ पासून २०२३ पर्यंत हे काम केले आणि मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर या युरोप-जपानच्या उपग्रहावर असेच उपकरण आहे. पण ते आपल्या मार्गाखालची अरुंद रेघच पाहते. ती रेघ नेमकी परभणीवरून, नेमक्या धुळीच्या दिवशी जाणे हा योगायोग असतो.

पंजाब-हरियाणाचा धूर मराठवाड्यापर्यंत येतो का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताचे काड जाळल्याने उठणारा तो धूर मुख्यतः गंगेच्या मैदानातून आग्नेयेकडे जातो. वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा असेल, तर त्याचा एक फाटा राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशावरून दक्षिणेकडे पसरतो आणि पातळ होत होत आपल्या बाजूला येऊ शकतो. पण येथे येईपर्यंत त्यात वाटेतल्या शहरांचे, कारखान्यांचे आणि आपल्या स्वतःच्या शेतांतील धुराचे एवढे मिश्रण झालेले असते की ‘हा पंजाबचा धूर’ असे म्हणणे धाडसाचे ठरते. मार्च ते मे या काळात आपल्या आकाशात जो धूर असतो, त्यात विदर्भ, छत्तीसगड आणि तेलंगणातील वणव्यांचा व आपल्याच बांधांवरील आगींचा वाटा शोधणे अधिक योग्य आहे. दूरचा दोषी सापडला की जवळच्या आगीकडे पाहायचे राहून जाते, हा अनुभव मला अनेकदा आला आहे.

मेमध्ये वादळाआधी धुळीची भिंत येते, ती उपग्रहात का दिसत नाही?

कारण ती ढगाखाली असते. वळवाच्या ढगातून गार हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि वाळलेल्या रानातील माती उचलते. ही भिंत काही किलोमीटर रुंद असते, अर्ध्या-पाऊण तासात ओसरते आणि वर ढगाचे पसरलेले छत्र असल्याने उपग्रहाला फक्त ढगाचा माथा दिसतो. वावटळ तर त्याहून लहान असते. या दोन्हींसाठी रडार आणि माणसाचे डोळे हीच खरी साधने आहेत.

पावसाळ्यात ही चित्रे पाहण्यात अर्थ आहे का?

मराठवाड्यावर फारसा नाही. ढग नजर अडवतात आणि पाऊस कण धुऊन काढतो. जूनमध्ये मात्र अरबी समुद्राकडे जरूर पाहावे. अरबस्तान आणि आखाताकडून निघालेली धूळ समुद्रावर पसरलेली दिसते.

ही चित्रे आपण स्वतः कोठे पाहू शकतो?

सगळी विनामूल्य आहेत. इन्सॅटची चित्रे भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर मिळतात. इन्सॅटचीच चित्रे हलवून, मोठी करून पाहण्यासाठी ‘रॅपिड’ नावाची सोय आहे. नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर नैसर्गिक रंगांचे चित्र, कृत्रिम रंगांचे चित्र, एओडी आणि आगीचे ठिपके एकावर एक ठेवून पाहता येतात, आणि तारीख मागे नेऊन जुने दिवसही तपासता येतात. नव्याने शिकणाऱ्याला मी येथूनच सुरुवात करायला सांगतो. आगीचे ठिपके नासाच्या फर्म्स या सेवेवर फेरीनंतर साधारण तीन तासांत येतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून वणव्यांच्या सूचना देत आली आहे. आपल्या वनपरिक्षेत्रासाठी नोंदणी केल्यास त्या मोबाइलवर येतात.

सुरुवातीचे पंधरा दिवस काहीच निष्कर्ष काढू नये. रोज एकाच वेळेचे चित्र पाहावे आणि त्याच वेळी छतावर जाऊन क्षितिजावरची ओळखीची टेकडी, देवळाचे शिखर किंवा पाण्याची टाकी किती स्पष्ट दिसते ते वहीत लिहावे. देवगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला यासाठी किल्ल्याहून चांगली खूण मिळणार नाही.

धुळीचा आणि धुराचा अंदाज आधी मिळतो का?

मिळतो. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा जागतिक अंदाज पाच दिवसांचा असतो आणि आपल्या हवामान विभागाकडेही हवेच्या गुणवत्तेचे अंदाज तयार होतात. या गणितांत उपग्रहाची मापे भरलेली असतात. धुळीचा मोठा लोट कोणत्या दिवशी कोणत्या दिशेने सरकेल, हे ती बरेच चांगले सांगतात. उद्या कोणता शेतकरी कोणता बांध पेटवेल हे मात्र कोणत्याच गणिताला ठाऊक नसते, म्हणून स्थानिक धुराच्या बाबतीत हे अंदाज कच्चे पडतात.

घरात दम्याचा रुग्ण आहे. उपग्रहाचे चित्र पाहून बाहेर जायचे की नाही हे ठरवावे का?

नाही. त्यासाठी जमिनीवरील यंत्राचा आकडा पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर या अॅपवर तो दर तासाला मिळतो. आपल्या देशातील चोवीस तासांची मर्यादा पीएम २.५ साठी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम १० साठी, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी, १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा अनुक्रमे १५ आणि ४५ अशी बरीच कडक आहे. धुळीच्या दिवशी पीएम १० चा आकडा पीएम २.५ च्या तुलनेत फार वर जातो, तर धुराच्या दिवशी पीएम २.५ चा वाटा वाढतो, त्यामुळे हवेत काय आहे याचाही अंदाज येतो.

मराठवाड्यात अशी यंत्रे थोडी आहेत आणि ती शहरांतच आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असल्याने त्यांच्याकडे लक्ष तरी जाते. हिंगोलीच्या एखाद्या तांड्यावरील आजीला जवळच्या यंत्राचा आकडा लागू पडत नाही. तेथे चित्र, वाऱ्याची दिशा आणि स्वतःचे डोळे-नाक यांवर अवलंबून राहावे लागते. धुराचा वास येत असेल, तर धूर जमिनीवर उतरलेला आहे, हे समजायला दुसरा पुरावा नको. अशा वेळी रुग्णाला घरात ठेवावे, वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात आणि औषधांबाबत डॉक्टरांचे सांगणे पाळावे.

डोंगरावर वणवा दिसला, तर उपग्रहाच्या सूचनेची वाट पाहावी का?

मुळीच पाहू नये. आपण आग पाहिली तेव्हा चार वाजले असतील, तर पुढची सूक्ष्म नजरेची फेरी रात्री दीडला आहे आणि तिची नोंद पोहोचायला आणखी काही तास लागतील. वाळलेल्या कुसळी गवतातील आग तेवढ्या वेळात अख्खा डोंगर पार करते. वनक्षेत्रातील आगीसाठी महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, वस्तीजवळच्या आगीसाठी १०१ किंवा ११२. फोन करताना गावाचे नाव, डोंगराची कोणती बाजू पेटली आहे, वारा कोणीकडून कोणीकडे वाहतो आहे आणि गाडी कोठपर्यंत येऊ शकते, एवढे सांगावे.